मुखवट्यामागची नावं

कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी संघटना म्हटलं की पांढरा झगा आणि चेहरा झाकणारी टोकदार टोपी आठवते. पण अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या क्लॅनने आपले सदस्य चक्क वहीत नोंदवून ठेवले होते! १९२४ ते १९२६ या काळातल्या दोन जाडजूड वह्या, सुमारे ३०,००० नोंदी, नाव-पत्त्यासकट. हिस्टरी कोलोरॅडो या संस्थेने २०२१ मध्ये त्या ऑनलाइन खुल्या केल्या.

डेन्व्हरचे तेव्हाचे महापौर बेंजामिन स्टेपलटनही क्लॅनचे सदस्य होते. पुढे शहराच्या विमानतळाला त्यांचं नाव मिळालं. विमानतळ बंद झाल्यावर त्या जागी उभ्या राहिलेल्या वस्तीलाही तेच नाव होतं; तिने मात्र ते २०२० मध्ये पुसलं आणि 'सेंट्रल पार्क' हे नाव घेतलं.

द्वेषाचाही हिशेब ठेवला जातो. कधीतरी तो उघडतोच!

#इतिहास #दप्तरखाना