कान्हेरीची पोढी

आम्ही बोरिवलीकर पाहुणे आले की त्यांना कान्हेरीला नेतो. पाहुणे चैत्यगृह पाहतात, मी पाण्याची टाकी दाखवतो. तिथल्या एका प्राकृत लेखात कल्याणचा एक सोनार सांगतो, की ही पाण्याची पोढी माझे ‘देयधम’. म्हणजे धर्म म्हणून दिलेले दान.

‘धर्म’ आणि ‘धम्म’ यांत फरक फक्त उच्चाराचा, असे बी.ए. करताना मला वाटे. वरवर पाहता ते खरेही आहे. विहिरी-तळी खोदण्याला हिंदू शास्त्रे ‘पूर्त’ म्हणतात, पुण्यच मानतात. (आमच्या मोहरमातली सबील त्याच पंगतीतली.) अहिंसा, सत्य, अस्तेय हे मनुस्मृतीही चारी वर्णांना सांगते. पंचशील तिथून फार लांब नाही.

पण मनू या नीतीच्या डोक्यावर जन्माने ठरणारा वर्णधर्म बसवतो. दोघांचे भांडण लागले की हरते नीतीच. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी तिथले पाणी प्यायले, तेव्हा लोकांना मारहाण झाली आणि मागाहून तळे ‘शुद्ध’ केले गेले. तेही धर्म म्हणूनच! नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजल्याची कथा आपण मुलांना सांगतो, त्याच महाराष्ट्रात.

बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ साली आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नीती हाच धम्म आहे. तिच्या वर दुसरे काही नाही.

परवा पाहुण्यांच्या मुलाने टाक्यात वाकून विचारले, ‘‘हे पाणी कोण प्यायचं?’’ लेखात तशी अट काही कोरलेली नाही.