गेलेले आटे आणि उरलेला धातू

बोल्टच्या दांड्यावर आणि नटाच्या पोटात गोल वळत जाणाऱ्या ज्या खाचा कोरलेल्या असतात त्यांना कारागिरांच्या बोलीत 'आटे' म्हणतात, आणि त्या झिजून, चुरडून किंवा धातूसकट निघून येऊन बोल्ट जागच्या जागी नुसता गरगर फिरू लागला की 'आटे गेले' असा निकाल दिला जातो. बोल्टचे आटे गेले तर फारसे बिघडत नाही, कारण बोल्ट काही रुपयांना नवा मिळतो. परंतु ज्या भोकात तो बसतो त्या भोकाचे आटे गेले, म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनाच्या तळाचे ऑइल सोडण्याचे भोक, विहिरीवरच्या पंपाच्या बिडाच्या अंगातले भोक किंवा पेरणी यंत्राच्या चौकटीतले भोक निकामी झाले, तर अख्खा भाग बदलण्याची भाषा सुरू होते. कापूस, ऊस आणि विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या चाळीसगाव तालुक्यात हा प्रसंग शेतकऱ्याच्या घरात वर्षातून एकदोनदा तरी येतोच, आणि तो बहुतेक वेळा घरच्या घरी, थोडक्या खर्चात निभावता येतो. अट एवढीच की आटे का गेले आणि भोकात धातू किती उरला आहे, या दोन गोष्टी हत्यार उचलण्यापूर्वी पाहिल्या पाहिजेत.

बोल्ट आवळणे म्हणजे वस्तुतः बोल्टला किंचित ताणणे होय. आवळलेला बोल्ट स्प्रिंगप्रमाणे ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. हा भार सर्व आट्यांवर सारखा वाटला जातो असा समज असला तरी प्रत्यक्षात तोंडाजवळचा पहिला आटाच सुमारे एक-तृतीयांश भार उचलतो आणि सहाव्या आट्यापुढे वाट्याला फारच थोडे येते. म्हणून पहिला आटा फाटला की त्याचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर असा सरकत जाऊन सगळी रांग एका झटक्यात निघून येते. त्यातून दोन्ही धातू सारख्या ताकदीचे नसतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असेल तर त्यातला पहिला ८ हा पोलाद चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण तुटेपर्यंत सोसते असे सांगतो, आणि त्या हिशेबाने आठ मिलिमीटर जाडीचा असा बोल्ट तुटायला सुमारे तीन टनांची ओढ लागते. समोरचे ॲल्युमिनियम मात्र इतके कणखर नसते. म्हणून पोलादी भोकात बोल्टच्या व्यासाइतकी खोली पुरते, बिडात दीडपट लागते आणि ॲल्युमिनियममध्ये दुपटीच्या आसपास ठेवावी लागते, हा यंत्रशाळेतला जुना नियम आहे.

आटे जाण्याचे सर्वांत मोठे कारण गंज नसून जोर हे आहे. ॲल्युमिनियमच्या भोकातल्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटरचा पीळ पुरतो. म्हणजे भोकापासून दहा सेंटिमीटरवर हात धरून दहा किलोच्या जोराने ओढणे. हाच जोर पान्याला हातभर पाइप अडकवून लावला तर पीळ पाचपट होतो, आणि नेमके हेच 'अजून थोडे टाइट' म्हणत केले जाते. ऑइल गळते म्हणून बोल्ट आणखी आवळणे हा तर उपायाच्या रूपातला अपायच आहे, कारण गळती बहुधा चपट्या झालेल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वायसरमुळे होत असते.

दुसरे कारण, म्हणजे इंची आणि मेट्रिक आट्यांची सरमिसळ, खानदेशात विशेष जाणवते, आणि त्याला इतिहास आहे. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांची पहिली सर्वमान्य मोजपट्टी सुचवली. तीत आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि माप इंचांत होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट १८६० च्या दशकाच्या आरंभी चाळीसगावावरून भुसावळकडे गेली, तिच्यामागोमाग विलायती यंत्रसामग्री आली आणि तिच्याबरोबर इंचांचे आटेही आले. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, टप्प्याटप्प्याने १९६२ पर्यंत ती सक्तीची केली, आणि आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे आहेत. पण हार्डवेअरच्या दुकानाने 'सूत' काही सोडले नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पाव इंची बोल्ट दोन सुती आणि अर्धा इंची बोल्ट चार सुती. जुनी मापे किती चिवट असतात याचा एक गमतीदार दाखला याच गावात सुचतो: कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचे चाळीसगावातील घर आज कलादालन म्हणून जपलेले आहे, आणि त्यांनी जिच्यावर आयुष्य वेचले त्या छायाचित्रणकलेत कॅमेरा तिपाईवर बसवणारा स्क्रू आजही दोन सुतीच, इंचाला वीस आट्यांचा असतो.

ही दुहेरी वहिवाट भोकांच्या जिवावर कशी उठते ते तीन सुती बोल्टात दिसते. तीन सूत म्हणजे ९.५२ मिलिमीटर आणि इंचाला १६ आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते १.५९ मिलिमीटर, तर दहा मिलिमीटरच्या साध्या मेट्रिक बोल्टचा पिच १.५ मिलिमीटर. त्यामुळे तीन सुती बोल्ट दहाच्या भोकात सुरुवातीला सहज, किंबहुना थोडा ढिलाच शिरतो, पण प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ ०.०९ मिलिमीटरची चूक साठत जाऊन सहाव्या फेऱ्यापर्यंत ती अर्ध्या मिलिमीटरवर पोचते. आता बोल्ट अडतो, आवळणाऱ्याला तो 'बसला' असे वाटते, पाना लावला जातो, आणि भोकातले आटे कापले जातात.

भोक बिघडल्यावर गॅरेजात सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे भोक मोठे करून जाड बोल्ट बसवणे, ज्याला 'ओव्हरसाइज' म्हणतात. तो नेहमीच चुकीचा नसतो, पण तो पहिला असू नये. भोकाभोवती उरलेला धातू हे यंत्रमालकाचे भांडवल आहे; ते एकदा कापले की परत येत नाही, म्हणून ज्या उपायात धातू मुळीच जात नाही त्यापासून आरंभ करणे हीच खरी स्वस्त दुरुस्ती होय.

असा पहिला उपाय म्हणजे दबलेले आटे सरळ करणे. आटे वाकले आहेत पण निघून गेले नाहीत, अशा भोकात टॅप फिरवला तर ते बहुधा सावरतात. टॅप म्हणजे आटे पाडण्याचे कडक पोलादाचे, उभ्या खाचांचे हत्यार. ते जवळ नसेल तर त्याची जागा घेणारी वस्तू घरीही करता येते: त्याच मापाचा ८.८ चा नवा बोल्ट शेगड्यात धरून त्याच्या टोकाकडील आट्यांवर हॅक्सॉने तीन उभ्या खाचा आट्याच्या मुळापर्यंत पाडाव्यात, टोकाचे दोन आटे कानशीने थोडे निमुळते करावेत, खाचांच्या कडा धारदार ठेवाव्यात आणि भोकात थोडे तेल सोडावे. मग हा बोल्ट प्रथम उलटा फिरवावा. फिरता फिरता तो एका जागी 'टक्' करून किंचित खाली बसल्याचे बोटाला कळते, ते जुन्या आट्याचे तोंड. तेथून हाताने सुलटा घ्यावा, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे करत कचरा खाचांत येऊ द्यावा आणि मध्येच काढून पुसावा. हा टॅप ॲल्युमिनियम, पितळ आणि बिडातले मळलेले आटे साफ करतो. पोलादात नवे आटे पाडण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

दुसरा उपाय इतका सोपा आहे की तो कोणाला सुचत नाही. पुष्कळ भोकांत मूळ बोल्ट तळापर्यंत पोचतच नाही, त्याच्या खाली न वापरलेले कोरे आटे असतात. काडी घालून भोकाची खोली मोजावी आणि जागा असेल तर पाच-सहा मिलिमीटर लांब बोल्ट लावावा. भोक आरपार असेल तर मागून वायसर व नट लावून प्रश्नच मिटतो, आणि शेतीच्या अवजारांत बहुतेक भोके आरपारच असतात. कुकरच्या मुठीचा, पंख्याच्या झाकणाचा किंवा दाराच्या बिजागरीचा स्क्रू ढिला होणे हा या प्रश्नाचा लहान भाऊ होय. लाकडात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या दोन काड्या आणि मुठीसाठी एक नंबर जाड स्क्रू एवढ्यावर तो भागतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट घट्ट केल्याचे समाधान मात्र फसवे आहे, कारण ती टेप पाणी अडवते, भार उचलत नाही.

इपॉक्सीची, म्हणजे दोन भाग मिसळून दगडासारख्या कडक होणाऱ्या एम-सीलसारख्या लांबीची दुरुस्तीही धातू न कापणारी आहे. भोक पेट्रोलने स्वच्छ धुऊन वाळवावे, लांबी भरावी, बोल्टला ग्रीस किंवा मेणाचा हात देऊन तो सरळ बसवावा आणि पूर्ण कडक होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, हलवू नये. मग तो सोडवला की लांबीत आटे उमटलेले असतात. हे आटे पत्र्याचे झाकण, मडगार्ड किंवा दिव्याची पट्टी धरतील. इंजिनाच्या गरम अंगावर त्यांचा भरवसा नाही, कारण सामान्य इपॉक्सी शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याआधीच मऊ पडू लागते.

यांपैकी काहीच लागू पडले नाही तरच ड्रिल हातात घ्यावे, आणि त्यातही हेलिकॉइलचा विचार ओव्हरसाइजच्या आधी करावा. हेलिकॉइल म्हणजे न गंजणाऱ्या पोलादाच्या चौकट काटछेदाच्या तारेची स्प्रिंग. भोकात खास टॅपने मोठे आटे पाडून ती बसवली की तिच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे तयार मिळतात. आठ मिलिमीटरच्या भोकासाठी ८.४ च्या आसपास ड्रिल मारावे लागते आणि खास टॅपचे दात ९.६ पर्यंत आत जातात. प्रामाणिकपणे सांगायचे तर दहाचा ओव्हरसाइज बोल्ट घेतो त्यापेक्षा हे फार कमी नाही. फायदा दुसरीकडे आहे: बोल्ट जुन्याच मापाचा राहतो, समोरच्या झाकणाचे भोक मोठे करावे लागत नाही, आणि पोलादी बोल्टशी आता पोलादाचेच आटे भिडतात, त्यामुळे ॲल्युमिनियमचे भोक मूळपेक्षाही टिकाऊ होते. तार वरच्या पातळीपासून पाव ते अर्धा फेरा खाली ठेवावी, तिच्या तळाची जीभ ठोकून तोडावी आणि तोडलेला तुकडा आठवणीने बाहेर काढावा. स्पार्क प्लगच्या भोकात तोच तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर दहा रुपये वाचवण्याच्या नादात पिस्टन जाईल. आटे पाडताना निघणारा कीसही आत पडू नये म्हणून टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरावे, म्हणजे तो त्यालाच चिकटून येतो.

ड्रिल नेमके निवडण्याचा हिशेब सोपा आहे: साध्या टॅपसाठी बोल्टच्या व्यासातून पिच वजा करावा, म्हणजे सहासाठी ५, आठसाठी ६.८ आणि दहासाठी ८.५ मिलिमीटर. भोक याहून बारीक ठेवले तर आटे मजबूत होतील हा भ्रम आहे. आटे तीन-चतुर्थांश खोल असले तरी पूर्ण खोल आट्यांपेक्षा ताकद जेमतेम पाच टक्के कमी भरते, आणि पूर्ण खोलीच्या हट्टात टॅप मात्र भोकातच मोडतो. मोडलेला टॅप काढणे हे घरचे काम नव्हे. तसेच भोक फारच मोठे झाले असेल तर लेथवर पितळी किंवा पोलादी बुश वळवून घेणे भाग आहे. ब्रेक, स्टिअरिंग, चाकाचे स्टड आणि गॅसची तोंडे यांवर घरगुती प्रयोग करूच नयेत. तेथे भाग बदलावा.

दुकानात जाताना एक काळजी घ्यावी. 'दहा नंबरचा बोल्ट' असे मागणारा गिऱ्हाईक बहुधा पान्याचा नंबर सांगत असतो, आणि दहाच्या पान्याने फिरणारा बोल्ट प्रत्यक्षात सहा मिलिमीटरचा असतो. तेव्हा मापे तोंडी सांगू नयेत, शेजारच्या चांगल्या भोकातला बोल्ट नमुना म्हणून खिशात न्यावा, आणि आणलेला नवा बोल्ट निदान चार फेरे नुसत्या बोटांनी फिरल्याशिवाय त्याला पाना लावू नये.