जुलैतली रिकामी जागा

सिंभोऱ्याच्या धरणावरील नियंत्रण कक्षात जो तक्ता असतो, त्यात नल-दमयंती सागर या धरणाच्या जलाशयाची पातळी पावसाळ्याच्या कोणत्या पंधरवड्यात किती राहू द्यावी, हे आगाऊच नेमून दिलेले असते. आणि संत्र्याच्या बागा जगविण्यासाठी ज्या मोर्शी-वरुड मुलखाने शेकडो फूट खोल बोअर मारले, त्याच मुलखात, 342.50 मीटरची पूर्ण पातळी अद्याप गाठावयाची असताना, भर जुलैत दरवाजे उचलण्याचा हुकूम देणे किती जड असते, हे तेथे उभे राहिल्यावाचून उमजत नाही. “पानी सोडून देऊन राह्यले, मंग उनाळ्यात बागा कशानं जगवाव?” असे एका वृद्ध बागायतदाराने मला विचारले, तेव्हा त्या प्रश्नाचा रास्तपणा मला मान्य करावाच लागला; शिवाय अमरावती शहराची तहानही याच पाण्यावर भागते.

तरीही पुराच्या पाण्यासाठी जलाशयात ती रिकामी जागा राखलीच पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. हे धरण ज्या वर्धा नदीवर आहे, ती उगम पावते मध्य प्रदेशातील मुलताईच्या परिसरात, आणि तेथल्या डोंगरउतारावर रात्रीतून कोसळलेला पाऊस मोर्शीत आभाळ कोरडे असतानाही नदीवाटे येऊन ठेपतो. धरणाच्या वरच्या अंगास, नरखेड तालुक्यातील मोवाड या गावाने 30 जुलै 1991 रोजी हे भोगले. त्या पुरात 204 माणसे गेली. 1993 साली पुऱ्या झालेल्या या धरणाने मोवाड वाचले नसते, परंतु खालच्या गावांच्या वाट्यास तसा लोंढा येऊ नये, याची तजवीज जलाशयातल्या मोकळ्या जागेवाचून अन्य कशानेही होत नाही.

येव्याचा जोर वाढला की कर्मचारी ठरल्या वेळी मोजपट्टी वाचतो, आकडा नोंदवहीत चढवतो, आणि आत येणारे पाणी व बाहेर जाणारे पाणी यांचा हिशेब पुन्हा मांडला जातो. मग भोंगा होतो. पोलादी दोरांवर ताण येतो, आणि तेरा दरवाज्यांपैकी नेमलेले दरवाजे अवघे काही सेंटिमीटर वर सरकतात. एवढ्याशा फटीतून सुटलेल्या पाण्याचा धक्का पायांखालच्या काँक्रीटमध्ये स्पष्ट जाणवतो.

विसर्गाचा निरोप तहसील कचेरीतून तलाठी, पोलीस पाटील व कोतवाल यांच्यापर्यंत जातो आणि गावात दवंडी पिटली जाते. इथवरची व्यवस्था कागदावर चोख आहे. खरी कसोटी पुढे लागते. नदीकाठच्या शेतकऱ्याची मोटार काठावर बसविलेली असते, ती हजारो रुपयांची चीजवस्तू असते, आणि पाणी चढत असल्याचे ऐकताच घराकडे न वळता तो ती काढावयास नदीकडे धावतो. म्हणून मोटारमालकांची स्वतंत्र यादी मे महिन्यातच तलाठ्याच्या दफ्तरी तयार असावी, आणि भोंग्याची वाट न पाहता, दरवाजे उचलण्याचा विचार सुरू होताच, पहिला फोन त्यांना जावा.