गोकाकचा गेंडा आणि बेळगावचा ‘ळ’

गोकाक म्हटले की आपल्याला धबधबा आठवतो, नाहीतर करदंट. गेंडा कुणाला आठवणार? पण रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने गोकाकजवळ सापडलेल्या गेंड्याच्या अश्मीभूत हाडांचे वर्णन १८७४ साली प्रसिद्ध केले आणि त्या जातीला नाव दिले ते दख्खनचे. कन्नडमधला ‘खड्गमृग’ एके काळी आपल्याच जिल्ह्यात चरत होता! हाड कुठे मिळाले हे फूटसाहेबांनी लिहून ठेवले, म्हणून हे कळते. चिठ्ठी हरवलेले हाड म्हणजे नुसते हाड.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी १९९०च्या दशकात यादगीर जिल्ह्यातील बुदिहाळ येथे उत्खनन केले. नवाश्मयुगीन गुराख्यांच्या त्या वस्तीत शेणाच्या राखेचे ढिगारे होते आणि जनावरे कापण्याची जागाही मिळाली. अशा ठिकाणी हाडांचे तुकडे ढिगाने निघतात. खड्डा कुठला, थर कितवा, जनावर कोणते, हाड डावे की उजवे, भाजल्याची वा सुरीची खूण आहे का, हे सारे नोंदवावे लागते. शेळी आणि मेंढी यांची हाडे इतकी सारखी, की ‘आडु’ की ‘कुरी’ हे जाणकारालाही पुष्कळदा ठरवता येत नाही; मग दोघांची नोंद एकत्रच होते.

अशा जुन्या नोंदी संगणकावर चढवायला तज्ज्ञ पुरत नाहीत. ब्रिटिश म्युझियम आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१४ मध्ये कांस्ययुगीन अवजारांची जुनी कार्डे घरबसल्या स्वयंसेवकांकडून उतरवून घेतली. कार्डाचा फोटो पडद्यावर, शेजारी रकाने. एकच कार्ड अनेकांनी उतरवायचे, म्हणजे चूक सापडते. हाडांच्या कार्डांनाही हीच रीत चालते.

इथे आपल्यासारख्या घरांचे काम आहे, वाचकहो. इंग्रजी नोंदीत ळ आणि ल एकच, ट आणि त एकच. बुदिहाळ की बुदिहाल, हे परदेशी माणसाने कसे ओळखावे? आपल्याकडे नातू टंकलेखन करील आणि आजी दोन्ही भाषांतले उच्चार सांगेल. मात्र आजींनी एक पथ्य पाळावे: कार्डावरचे नाव दुरुस्त करू नये. आहे तसे उतरवायचे, आजचे नाव वेगळ्या रकान्यात. बेळगावचे बेळगावी झाले २०१४ मध्ये; फूटसाहेबांचा गेंडा अजून जुन्याच नावाखाली सापडतो.