शंभर माणसांचे सरबत



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे बोनस आणि किमान वेतन यांवर दोन तास ऐकावे लागणार, अशी आपली समजूत असते. आज मी सरबताविषयी बोलणार आहे. विषय हलका वाटेल. परंतु तो माझ्या कामातूनच माझ्याकडे आला आहे. १ मे हा दिवस आम्हां जालनेकरांना तिहेरी सणाचा. कामगार दिन तर तो आहेच. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९८१ साली याच दिवशी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या दिवसांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि मंडपात शंभर-सव्वाशे माणसे जमतात. त्यांच्या हातात काय द्यावे, हा प्रश्न दरवर्षी माझ्यापुढे येतो.

एका वर्षी आमच्यातला एक तरुण म्हणाला, “भाऊ, या खेपेला सांग्रिया करू. परदेशात मोठ्या मेजवानीला तीच करतात.” मला तो पदार्थ ठाऊक नव्हता. ठाऊक नसलेल्या गोष्टीला आधी नाही म्हणायचे नाही, ती समजून घ्यायची, ही माझी जुनी सवय. म्हणून मी माहिती काढली.

सांग्रिया हे स्पेन आणि पोर्तुगाल या देशांतले पेय. स्पॅनिश भाषेत ‘सांग्रे’ म्हणजे रक्त. लाल रंगावरून हे नाव पडले. तांबडी वाइन घ्यायची, तीत संत्र्या-लिंबाच्या चकत्या, सफरचंदासारख्या फळांच्या फोडी आणि साखर घालायची, काही तास थंड जागी मुरू द्यायचे आणि मोठ्या भांड्यातून सर्वांना वाढायचे. उन्हाळ्यात एक फळ, हिवाळ्यात दुसरे. १९६४ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले होते, त्यातल्या स्पेनच्या दालनामुळे अमेरिकेत ते लोकप्रिय झाले. आज युरोपात नुसत्या ‘सांग्रिया’ या नावाने विकायचे तर ते या दोन देशांतच तयार झालेले असावे लागते.

यातली युक्ती मला पटली. एकच मोठे भांडे, मोसमाचे फळ, आंबट आणि गोड यांचा मेळ, आणि मुरण्यासाठी दिलेला वेळ. यांत परके असे काहीच नाही. इंग्रजीतला ‘पंच’ हा पेयाचा शब्दही आपल्या ‘पाच’वरून, म्हणजे पाच जिनसांवरून गेला, असे पुष्कळ कोशकार मानतात. अडचण होती ती वाइनची. मद्य बाळगायला आणि प्यायला आपल्या राज्यात परवाना लागतो, हा झाला कायद्याचा भाग. माझी खरी अडचण निराळी होती. आमच्या मंडपात बायका असतात, मुले असतात, माळकरी असतात, मुसलमान बांधव असतात, औषधे चालू असलेले म्हातारे असतात, मोटारसायकलवरून पंधरा मैल परत जाणारे असतात, आणि मोठ्या कष्टाने दारू सोडलेले चारदोन जण तर हमखास असतात. जे पेय समोर येताच निम्म्या पंगतीला मान फिरवावी लागते, ते पंगतीचे पेय नव्हे. म्हणून मी त्या तरुणाला म्हटले, सांग्रियाची रीत घेऊ, वाइन स्पेनलाच राहू दे.

आता वाइन काढली तर तिचे काम कोणी करायचे? वाइन तीन कामे करते. आंबटपणा आणि रंग देते. फळाच्या सालीतला सुवास ओढून घेते. आणि पेय टिकवते. पहिल्या कामाला आपल्याकडे कोकम आहे, कैरी आहे, लिंबू आहे. दुसरे काम पाण्याला नीट साधत नाही, कारण सालीतले सुगंधी तेल पाण्यात उतरत नाही. त्यावर उपाय साखरेचा. लिंबाची नुसती पिवळी साल हलक्या हाताने किसून साखरेत चोळावी आणि तासभर झाकून ठेवावी. साखर ते तेल शोषून घेते आणि मग ती पाण्यात विरघळवता येते. फळांच्या फोडींवरही आधी साखर पेरावी. साखर फळातला रस बाहेर खेचते, आणि तोच आपला अर्क. तिसरे काम, म्हणजे टिकवण्याचे, आपल्याला नकोच. सकाळी केलेले सायंकाळपर्यंत संपले पाहिजे.

लाल रंग हवा असेल तर शंभर ग्रॅम आमसुले धुऊन एक लिटर गरम पाण्यात दोन तास भिजवावीत, कुस्करून गाळून घ्यावीत, त्यात चारशे ग्रॅम साखर, चवीपुरते मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. वाढतेवेळी तीन लिटर गार पाणी मिसळावे. रंग थेट वाइनचा येतो. आमसुले मात्र ओलसर आणि काळसर-लाल बघून घ्यावीत.

यात मोसंबीच्या फोडी फार छान लागतात. पण तिथे एक खोच आहे, आणि मोसंबीच्या जिल्ह्यात राहून ती मला उशिरा कळली. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होतो. तिच्या बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असते. रसाच्या आंबटपणाशी गाठ पडली की त्याचे हळूहळू कडू द्रव्य बनते. म्हणून मोसंबी मुरत ठेवू नये. साल, पापुद्रा आणि बिया काढून फोडी अगदी शेवटच्या अर्ध्या तासात सोडाव्यात. आमच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आंबेबहाराची फळे पावसाळ्याच्या अखेरीस येऊ लागतात, मृगबहाराची फाल्गुन-चैत्राच्या सुमारास. ती फोड तोंडात टाकताना एवढे ध्यानात असावे की २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी विकतचे टँकर आणून झाडे जगवण्याची धडपड केली, आणि तरीही कित्येक बागा सरपणाला गेल्या.

चैत्र-वैशाखात मात्र पन्ह्याला तोड नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ते घरोघर होते. शंभर माणसांचे प्रमाण मी आमच्या बायकांकडून शिकलो, ते सांगतो. तीन किलो कैऱ्या उकडाव्यात, साली-कोयी काढून गर गाळून घ्यावा. गर गरम असतानाच अडीच किलो चिरलेला गूळ घालावा, म्हणजे तो वेगळा विरघळवावा लागत नाही. पन्नास ग्रॅम मीठ आणि दहा ग्रॅम वेलचीची पूड घालून निवू द्यावे. हे चार-साडेचार लिटर दाट पन्हे होते. त्यात चौपट पाणी घातले की वीस लिटर. कैऱ्या फार आंबट असल्या तर गूळ वाढवावा. उकडण्याऐवजी निखाऱ्यावर भाजल्या तर धुरकट वास लागतो, तोही काहींना आवडतो.

बाकीचे ऋतू थोडक्यात सांगतो. मृग लागला की बर्फ बंद करावा. आले, गवती चहा आणि लिंबू यांचा गरम काढा गुळासह द्यावा. लिंबू भांडे उतरवल्यावर पिळावे. कोजागिरीला मसाल्याचे दूध आहेच. थंडीत लाल अंबाडीची बोंडे मिळतात. आपण त्या झाडाची भाजी खातो आणि बोंडे वाया घालवतो. मिसर देशात आणि मेक्सिकोत त्यांचेच लालभडक सरबत घरोघर पितात. बिया काढून बोंडे उकळावीत, गाळून साखर घालावी. गरम प्या, गार प्या. आणि शेतावरच्या हुरड्याला मठ्ठ्याशिवाय दुसरे काही शोधायला जाऊ नये.

भांडे काचेचे, स्टीलचे किंवा मातीचे असावे. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवला तर विषारी होतो. बर्फ विकत घेताना तो खाण्याचा आहे ना, हे विचारावे. मासे-दुधाच्या पेट्यांना लावायचा बर्फ निराळा. तो ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ साली आपल्या राज्यात झाला. शंका आली तर बर्फ पेयात न घालता भांड्याभोवती रचावा.

आता आपण विचाराल, यात कामगारांचा संबंध कोठे आला? सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रोलिंग मिलमध्ये पाण्याची टाकी पत्र्याजवळ उन्हात होती. भट्टीवरच्या माणसाला पाळीभर चहासारखे कोमट पाणी. १९४८ सालच्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात गार पाणी पुरवण्याचे कलम घातले गेले होते, आमची मिल लहान, म्हणून मालक म्हणाले, “आम्हांला ते लागू नाही.” पाणी पिववत नसे, म्हणून माणसे तहान मारत आणि पाळी सुटली की थेट गुत्ता गाठत. घामाबरोबर मीठही जाते, नुसत्या पाण्याने ते भरून येत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जुलाबात देण्याचे घरगुती प्रमाण आपण जाणता. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे हजारो रोगी वाचवले, तीच ही विद्या. आम्ही वर्गणी काढली, दोन रांजण आणले आणि फाटकाशी लिंबाचे मीठ-साखर घातलेले सरबत सुरू केले.

पहिल्या दिवशी एकाने विचारले, “रांजण भरला कोणी?” प्रश्नाचा अर्थ सर्वांना कळला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा होता, तोच आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. मी बोलणार तोच भट्टीवरचा सर्वांत वडील कामगार उठला, ज्याने रांजण भरला होता त्याच्याच हातून त्याने पेला घेतला आणि रिकामा करून पुन्हा पुढे केला. मग रांग लागली. विचारणारा त्या दिवशी प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी प्यायला. दीड महिन्याने मालकांनी सावलीत गार पाण्याची कोठी बसवली. गुत्ता बंद पडला असे मी म्हणणार नाही. पण पाळी सुटल्यावर सरळ घरी जाणारे वाढले, हे त्यांच्या घरच्यांनीच मला सांगितले.

तेव्हापासून सरबत करताना मी चवीच्या आधी एक गोष्ट पाहतो : जमलेल्यांपैकी कोणाला हा पेला नाकारावा लागणार आहे का? कोणालाच नसेल, तर साखर थोडी कमी पडली तरी चालते. बाहेर मंडपाशी आज पन्हे ठेवले आहे. प्रमाण मघाशी सांगितले तेच आहे. ते घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.