तापाचं औषध एकच, मग ड्रॉप्स आणि सिरपची मात्रा वेगळी का?

कशेडी घाटातल्या एखाद्या वाडीवर रात्री दोन वाजता बाळाला ताप भरला, तर पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय गाठेपर्यंत वेळ जातो. तोवर हात जातो तो फडताळातल्या बाटलीकडे. गडबड होते ती इथेच.

लहान मुलांच्या तापावर सहसा पॅरासिटामॉल दिलं जातं, पण त्याच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. ड्रॉप्सच्या १ मिलीमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं. '१२५'च्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५, म्हणजे १ मिलीत फक्त २५ मिलिग्रॅम. '२५०'च्या सिरपमध्ये त्याच्या दुप्पट.

डॉक्टर मात्रा वयापेक्षा वजनावर ठरवतात, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर ड्रॉप्स दीड मिली पुरतात, १२५चं सिरप मात्र ६ मिली लागतं. आता 'मागच्या वेळी ६ मिली दिलं होतं' एवढंच लक्षात ठेवून कुणी ६ मिली ड्रॉप्स पाजले, तर पोटात चौपट औषध गेलं. जास्त मात्रेचा घाव यकृतावर बसतो आणि सुरुवातीला मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता बाटली घेऊन दवाखाना गाठायचा. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही एकदम देण्याआधी लेबल वाचलेलं बरं.

'एक चमचा' हे मापही फसवं. औषधाचा चमचा ५ मिलीचा, घरातला पोह्यांचा चमचा कितीचा, ते कुणी मोजलेलं नसतं. बाटलीसोबतचं टोपण किंवा बिनसुईची सिरिंज वापरावी.

पावडरमध्ये पाणी घालून बनवायची अँटिबायोटिक वेगळीच. खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालायचं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडचं औषध एकदा कालवलं की फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, आणि साधारण ७ दिवसांनी टाकून द्यायचं. पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली, तर केमिस्टला विचारूनच पुढचा डोस द्यावा. उरलेली बाटली पुढच्या तापासाठी जपून ठेवणं तर नकोच.

खोकल्याच्या औषधाचा धडा ताजा आहे. २०२५ मध्ये 'कोल्ड्रिफ' सिरपमुळे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची २० हून अधिक मुलं दगावली, त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार झाले होते. एसआर-१३ बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के सापडलं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्णांचा जीव घेतला होता, तेव्हाही हेच रसायन होतं. केंद्राच्या सूचनेनुसार २ वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि ५ वर्षांखालीही ती सहसा टाळावीत.

असं विष घरी ओळखता येत नाही. म्हणून औषध संपेपर्यंत खोकं आणि बिल फेकू नये, बॅच क्रमांक त्यावरच असतो. शंका आली तर राज्याच्या एफडीएचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५.