शेवटची पायरी आधी

शिकायला जड जाणारं मूल घरात असलं, की आईला एकच घोर लागतो – माझ्यामागे याचं कसं होणार? आज बोलूया नानकटाईबद्दल, कारण तिच्यात या घोरावरचा थोडा उपाय आहे.

दोन वाट्या कणीक, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी थिजलेलं तूप. वाचता येत नसेल तर चित्रं काढून भिंतीवर ओळीनं लावा: हात धुणं, वाटीनं मोजणं, मळणं, गोळे वळणं, भाजणं, डब्यात भरणं. एका चित्राला एकच काम.

सगळं एकदम शिकवू नका. शेवटची पायरी आधी शिकवा. बाकीचं तुम्ही करा. गार झालेल्या नानकटाया सहा-सहा मोजून डब्यात भरणं त्याच्याकडे द्या. काम पुरं केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो. ते जमलं की गोळे वळणं, मग मळणं, असं मागे मागे या.

भाजायला जाड कढईत मीठ पसरून, झाकून १० मिनिटं तापवा. मग ताटली ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. विस्तव सध्या तुम्हीच सांभाळा, गजर मात्र त्याला लावू द्या. वेळ कळते ती अशी.

गोळा वाकडा झाला तरी हातातून काढून घेऊ नका. वाकडी नानकटाईही खुसखुशीतच लागते! पुढे याच चित्रांच्या रीतीनं अंघोळ, चहा, दुकानातले सुटे पैसेही शिकवता येतात.